फुलांना चिमटे

करी रोडच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या हितेंद्र परबाने आयुष्यात एकदाच बायकोशी पैज लावली, आणि तीही बाल्कनीवरून. आकांक्षाला तिथे वॉशिंग मशीन ठेवायचं होतं, कारण बाथरूममध्ये मशीन शिरलं तर माणूस बाहेर राहिला असता. हितेंद्रला तिथे बाग करायची होती. (बाग म्हणजे एक कुंडी. शेजारी खुर्ची मावली तर उद्यान.)

"पुढच्या गणपतीपर्यंत एक तरी वासाचं फूल दाखव," आकांक्षा म्हणाली, "बाल्कनी तुझी. नाहीतर मशीन येणार."

तिला निकालाची खात्री होती. हितेंद्रच्या हातून याआधी तीन तुळशी, एक कोरफड आणि एक मनी प्लांट गेला होता. मनी प्लांट तर प्लॅस्टिकचा होता.

या वेळी मात्र त्याने ऑफिसातल्या लॉरेन्सकडून फांदी आणली. लॉरेन्सच्या गिरगावातल्या घरासमोर कर्ण्यासारख्या लांब फुलांचं झाड होतं. "संध्याकाळी असा वास सुटतो, मॅन, गल्लीतली माणसं चालायची थांबतात," तो म्हणाला. नावही त्याने सांगितलं होतं, पण हितेंद्र तेव्हा फांदी बसमधून कशी न्यायची याच विचारात होता.

फांदी जगली. हितेंद्र ऑफिसातून फोन करून तिच्याशी बोलायचा. (फोन कुंडीजवळ धरायचं काम त्याच्या आईकडे, शेवंतीकडे होतं.) वर्षभरात झाड छातीपर्यंत आलं, आणि गणपतीच्या आदल्या रविवारी सकाळी एकदम सहा फुलं उमलली. पांढरीशुभ्र, वीतभर लांब, आणि सगळी माना खाली घालून लोंबत होती.

उमलल्या उमलल्या फुलं माना टाकत होती! आकांक्षा भाजी आणायला गेली होती, तेवढाच अवधी. हितेंद्रने कपड्यांच्या दोरीवरचे चिमटे काढले आणि एकेका फुलाचं तोंड वर करून त्याच दोरीला अडकवलं. (दोन कुर्त्या तेराव्या मजल्याच्या ग्रिलवर गेल्या, पण जीव वाचवताना कुर्त्या कोण बघतो?)

आकांक्षा परतली तेव्हा सहाही फुलं आकाशाकडे तोंड करून ताठ उभी होती. तिने वास घेतला. सकाळच्या त्या वेळी वासाचा पत्ता नव्हता. मग शेवंती चष्मा लावून पुढे आली.

"अरे, ह्यो धोत्रो! शंकराक वाहतत तो. घरात कित्याक हाडलंस?"

"धोत्रा नाय गं आये. लॉरेन्सने दिलाय."

"लॉरेन्सान दिल्यान म्हणून मोगरो होतलो काय?"

हितेंद्रने झाडं ओळखणारं ॲप उघडून फोटो काढला. ॲपने क्षणात धोत्रा सांगितला, वर खाऊ नका अशी ताकीदही दिली.

"वासाचं फूल ठरलं होतं," आकांक्षा शांतपणे म्हणाली आणि तिने दुकानात फोन लावला. मशीन दुसऱ्याच दिवशी येणार होतं. लेकरासारखं वाढवलेलं झाड आता लिफ्टने खाली जाणार म्हटल्यावर हितेंद्रला खरंच रडू आलं. निदान ते आपल्या घरी परत जावं म्हणून त्याने लॉरेन्सला बोलावलं.

लॉरेन्स संध्याकाळी आला आणि बाल्कनीच्या दारातच थबकला.

"हितेंद्र, ह्या फुलांना फाशी कोणी दिली?"

"वाकली होती रे. सरळ केली."

"अरे येड्या, त्यांचं तोंड खालीच असतं! धोत्र्याचं वर, ह्याचं खाली. हा एंजल्स ट्रम्पेट. विषारी दोघं पण आहेत, तेवढं ॲपचं ऐक."

त्याने चिमटे सोडले. फुलं खाली आली, ऊन उतरलं, आणि वास असा पसरला की आत बांगडे तळणारी शेवंती हातात झारा घेऊन बाहेर आली.

"ह्यो धोत्रो नाय," तिने निकाल दिला.

आकांक्षा शब्दाची पक्की. तिने दोनदा वास घेतला, दुकानात फोन करून मशीन रद्द केलं आणि म्हणाली, "बाल्कनी तुझी."

हितेंद्रची छाती फुगली.

"मशीनची जागा तू घेतलीस," ती पुढे म्हणाली, "आता मशीनचं कामही तूच कर."

तेव्हापासून हितेंद्र रोज संध्याकाळी त्या सुगंधात घरभराचे कपडे धुतो. पहिल्या दिवशी त्याने सगळे शर्ट कॉलरला चिमटे लावून ताठ टांगले, तेव्हा आतून आकांक्षाचा आवाज आला, "उलटे टांग रे. त्यांचंही तोंड खालीच असतं."