सर्वांच्या मालकीचा रेडिओ

सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या सिद्धेश्वरीने स्वतःच्या हाताने एक रेडिओ बनवला. काडेपेटीएवढा सर्किट बोर्ड आणि तारेचा अँटेना. लॅपटॉपला जोडला की डोक्यावरून जाणाऱ्या हवामान उपग्रहाचे ढगांचे फोटो पडद्यावर उतरायचे, आणि तेही एका चादरीच्या भावात. शुक्रवारी हा प्रकल्प जमा झाला नाही, तर तिचं वर्ष वाया जाणार होतं. त्याआधी भांडारपाल कल्लप्पा यांच्याकडे रीतसर नोंद आवश्यक होती.

"मालक कोण हाय याचा?" कल्लप्पांनी नोंदवही उघडून विचारलं.

"बोर्ड मी जोडला, सर. पण आराखडा ओपन सोर्स आहे. सगळ्यांचाच म्हणा."

हे म्हणायला नको होतं. कल्लप्पांनी रकान्यात 'सगळे' असं लिहिलं आणि नियम काढला: सामाईक मालमत्तेस सर्व सहमालकांचं ना-हरकत पत्र, सोबत आधारची झेरॉक्स.

"सर, सगळे म्हणजे सगळं जग झालं."

"मग हितल्यांपास्नं सुरू कर की. शुक्रवारी पाचपर्यंत वेळ हाय."

पोरगी गुणी, त्यामुळे तिने खरंच सुरुवात केली. एमआयडीसीत वडिलांच्या कारखान्यातले कामगार, सात रस्ता चौकातले रिक्षावाले, सगळ्यांनी सह्या दिल्या. गाडी अडली ती शेजारच्या सुंदरम्मांपाशी.

"मी मालकीण हाय व्हय याची?" कागद दोनदा वाचून त्या म्हणाल्या. "मग माजा हिस्सा कुटं हाय?"

हिस्सा म्हणून त्यांनी अँटेनाची तार घेतली आणि गॅलरीत टॉवेल वाळत घालायला बांधली. वाटणी सुरू झाल्याचं मोहोळ गावी कळताच मल्लिनाथमामा आले. शेताच्या वाटण्यांत त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. त्यांनी मोजायची टेप लावून बोर्ड कापला आणि भाचीचं तोंड बघून लहान तुकडा घेतला. गुरुवारपर्यंत उरलेले स्क्रूही वाटून झाले.

शुक्रवारी सह्यांचे तीन गठ्ठे घेऊन ती कल्लप्पांसमोर उभी राहिली. "सर, रेडिओच उरला नाही," म्हणताना तिला रडू फुटलं.

"रेडिओचा रकानाच न्हाय वहीत," कल्लप्पा समजुतीने म्हणाले. "सह्या तेवढ्या पुऱ्या पायजेत." त्यांनी शांतपणे यादी तपासली. "एकच राहिलीय."

ती तुमची. पाच वाजायला दहा मिनिटं आहेत आणि सिद्धेश्वरी पेन घेऊन उभी आहे. पण कल्लप्पांची उभी हयात याच नोकरीत गेली आहे. तुमच्या नावापुढे त्यांनी शेरा आधीच मारून ठेवला आहे: 'सदर सहमालकास गोष्ट वाचण्यापुरता वेळ होता, सहीपुरता नव्हता.'