ओतिलियाच्या दारातलं टेपयंत्र

टेपयंत्राला एक गादी गुंडाळायची की दोन, यावरून सकाळीच वाजलं. रेडिओ केंद्र बंद पडलं तेव्हा तिथे ध्वनिमुद्रण करणाऱ्या फेर्मीनकाकांनी हे कपाटाएवढं धूड चिलीतल्या वालपराईसोच्या टेकडीवर, आपल्या घरी आणून ठेवलं होतं. आता ते खाली बंदराजवळच्या स्टुडिओत न्यायचं होतं. गायिका क्लोरिंदाबाईंचं पहिलं गाणं याच यंत्रावर उतरलं होतं आणि शेवटचंही याच्यावरच उतरावं, असा त्यांचा हट्ट होता. उद्या त्या उत्तरेला लेकीकडे कायमच्या राहायला निघणार होत्या. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

"एक गादी बास झाली, काका," हमालांचा म्होरक्या लाउतारो म्हणाला. "फुगवून ठेवाल आणि मग कुठेतरी अडकेल."

"अरे, बाईचा आवाज धरणारं यंत्र आहे ते, बटाट्याचं पोतं नव्हे! दोन!"

काकांनी टेपची चाकं काढून माइकांबरोबर पिशवीत घेतली, आतल्या नाजूक भागांवर फ्लॅनेल बांधलं, वरून दोन गाद्या आणि दोरखंड. चौघे हमाल ते उभं धरून टेकडीचा जिना उतरू लागले. पुढे काका, उलटे चालत. "आडवं नको! खालून धरा! श्वास हळू घ्या!"

"श्वासाचं आमचं आम्ही बघतो," लाउतारो धापा टाकत म्हणाला.

वळणावरच्या चौथऱ्यावर एका बाजूला लोखंडी कठडा आणि दुसऱ्या बाजूला खालच्या शेजारणीचं, ओतिलियाचं दार. यंत्र तिथे जे बसलं ते बसलंच. खाली सरकेना, वर येईना. गादी ओढून काढावी तर यंत्र घसरून थेट समुद्रात जायची भीती.

दाराशेजारची खिडकी उघडली. वर काकांच्या घरातून गाण्याचा सूर आला की पातेलं बडवणारी ओतिलिया ती हीच.

"फेर्मीन! माझ्या दारात काय उभं केलंस हे? मला मासळी आणायला जायचंय!"

"एकच वाट आहे, मावशी," लाउतारोने अंदाज घेतला. "दार उघडलंत तर सरळ आत सरकेल."

"माझ्या घरात? त्याचा खोका? आधी माझी तिरडी बाहेर येईल!"

तेवढ्यात खाली स्टुडिओत वाट पाहून कंटाळलेल्या क्लोरिंदाबाई दोन गिटारवाल्यांना घेऊन स्वतःच वर आल्या. पायरीवर टेकल्या, घाम पुसला आणि विचारलं, "उभं आहे ना ते? मग चालेल की नाही?"

काकांनी यंत्राला चारी बाजूंनी न्याहाळलं. इतकं घट्ट तर ते रेडिओ केंद्रातही कधी बसलं नव्हतं. "चालेल. पण वीज..."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ओतिलिया म्हणाली. मग खिडकीतून हात बाहेर काढून, "वायर द्या. पण ते रडकं गाणं नको हं. वॉल्ट्झ म्हणा एखादा. आमचा हा होता तेव्हा आम्ही नाचायचो."

गाद्या पुढून तेवढ्या दुमडल्या, टेपची चाकं चढवली, माइक कठड्याला बांधले. बाई गायला लागल्या. आवाज थोडा झिजला होता, पण खाली बंदरापर्यंत जिन्यावरची माणसं जिथल्या तिथे थांबली. दुसऱ्या कडव्याला खिडकीतून आणखी एक आवाज मिसळला. काकांनी दचकून यंत्र थांबवायला हात नेला. बाईंनी मानेनेच नको म्हटलं.

टेप परत लावून ऐकली, तेव्हा ओतिलिया खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

"मी इतकी बेसूर आहे? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"सांगणार कोण?" काका म्हणाले. "तुम्ही पातेलं घेऊन उभ्या!"

ती हसली. मग खिडकी लावली आणि आतून कडी वाजली. दार उघडलं होतं. "घ्या आत. पाय पुसून."

क्लोरिंदाबाई टेप छातीशी धरून दुसऱ्या दिवशी उत्तरेला गेल्या.

रविवारी लाउतारो माणसं घेऊन यंत्र काकांच्या घरी पोचवायला आला. वर कुलूप होतं. खाली ओतिलियाच्या दारावर थाप मारली, तर दार काकांनी उघडलं. पायात सपाता, हातात चहाचा कप. मागे यंत्रावर क्रोशाचं आच्छादन आणि त्यावर केक.

"काका, न्यायचं ना?"

"आज नको रे," काका आवाज खाली आणून म्हणाले. "अजून जुळायचंय सगळं."