आगबोटीवरचं माहेर

ही हकिकत मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या एकानेही तिच्यावर विश्वास ठेवलेला नाही. आणि त्यात त्या आगबोटीवर माझ्या शेजारी बसलेले दोघेजणही धरले आहेत. तेव्हा तुम्हीही ठेवू नका. हा शेजारचा नाथा तर आत्ताच मिशीत हसतोय. हस बाबा. कोपरीत आगरावर मीठ पिकतं आणि गोपीनाथाच्या, म्हणजे माझ्या, ओट्यावर थापा पिकतात, असं तुझा बापही म्हणायचा. पण दोहोंवाचून त्याचं जेवण झालेलं मी कधी पाहिलं नाही.

तर त्या वर्षी माझी भाची शेवंती कल्याणला सासरी होती आणि तिला सातवा महिना होता. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, हा आपला कायदा सरकारच्या कायद्याहून जुना, आणि मोडला तर शिक्षाही जबर: जन्मभर विहिणीचे टोमणे, अपील नाही. शेवंतीची आई बायजा, म्हणजे माझी धाकटी बहीण, इथे कोपरीत एकटी. नवरा लवकर गेलेला. मी लेकीला आणायला निघालो तेव्हा ती पाळण्याच्या दोऱ्या तपासत होती. मला म्हणाली, "दादा, लग्नात मला काही देता आलं नाही. एवढं तरी माझ्या घरी होऊ दे."

काम सोपं होतं. डोहाळजेवण उरकायचं आणि पोरीला घेऊन ठाण्याला, कोपरीत यायचं. आगगाडीने आलो असतो तर तोंडातलं पान रंगायच्या आत घरी पोचलो असतो.

पण शेवंतीच्या सासूबाई, सखुबाई, यांना फॅशनीचं वारं लागलं होतं. कल्याणच्या मुन्सफांनी सुनेचं डोहाळजेवण अंगणात लाकडी होडी मांडून आणि खाली निळी लुगडी अंथरून केलं होतं. सखुबाई ते बघून आल्या आणि म्हणाल्या, त्यांची होडी खोटी, आपण खऱ्या बोटीत करू. आम्ही दोन्हीकडची मिठागराची माणसं. पिढ्या खाडीत भिजल्या. पण मुन्सफाने खाडी अंगणात आणेपर्यंत ती बघण्यासारखी असते हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्याच सुमाराला 'उल्हास जलविहार मंडळी' नावाची एक कंपनी निघाली होती. तिची 'जलसुंदरी' नावाची आगबोट सभ्य गृहस्थांना सहकुटुंब हवा खायला नेत असे: कल्याण बंदरातून ठाणे, तिथून घोडबंदर आणि परत. मखमली बैठका, दोरीचे पंखे, चिनी मातीच्या पेल्यांतून चहा. कंपनीच्या जाहिरातीत एक वाक्य होतं: 'ही नौका कायम दुरुस्तीखाली ठेवण्यात येत असल्याने प्रवाशांनी निर्धास्त असावे.' आम्ही निर्धास्त हा शब्द वाचला. अलीकडचे वाचायचे राहून गेले.

डोहाळजेवण बोटीवर उरकायचं आणि ठाणं आलं की मी पोरीला घेऊन उतरायचं, असं ठरलं. बोट सुटली. शिट्टी काही वाजली नाही, कारण ती दुरुस्तीला काढली होती. दुर्गाडीचा बुरूज मागे पडतो न पडतो तोच तळातून मिस्त्री वर आले. त्यांचा मुकादम धाकू मिस्त्री. त्याने नमस्कार केला, आम्हाला उठायला लावलं आणि आमच्या बैठकीखालची जमीन रंध्याने साफ करायला घेतली. शेवंतीला फुलांची वाडी भरली होती. तिच्यावर लाकडाचा भुसा बसला. ओटी भरायला सखुबाई पुढे आल्या आणि ताज्या हिरव्या रंगाच्या कठड्याला टेकल्या. त्यांच्या जरीच्या लुगड्यावर मागून आडवे पट्टे उठले. सुवासिनींनी ते नव्या तऱ्हेचं काठपदर समजून भाव विचारला, म्हणून प्रसंग निभावला.

मी बोटीच्या सुपरिटेंडंटांना गाठलं. त्र्यंबकराव त्यांचं नाव. अत्यंत सभ्य माणूस, बोलताना नेहमी किंचित वाकलेला. मी म्हटलं, ही ठोकाठोक बंदरात उभं असताना का उरकत नाही?

"बंदरात प्रवासी नसतात," ते म्हणाले. "दुरुस्ती प्रवाशांच्या सोयीसाठी आहे. ज्याची सोय करायची तोच हजर नसेल, तर ती सोय कोणाची म्हणायची?"

पुढे कळलं की निरुत्तर करणं हाच त्यांचा हुद्दा होता. सुकाणू धरायला सारंग वेगळा होता.

डोंबिवलीच्या अंगाला, मोठागावासमोर, बोट थांबली. एंजिनात काहीतरी तपासायचं होतं. आता नीट ऐका, कारण यात एकही गोष्ट चुकीची झाली नाही. एंजिन तपासायचं म्हणजे थांबवायला हवं. एंजिन थांबलं की पाणी उपसणारा पंप थांबतो. पंप थांबला की तळात पाणी चढतं. पाणी अडवायला फळ्या लागतात, आणि फळ्या होत्या दुसऱ्या वर्गाच्या जमिनीत. त्या काढल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लोकांना उभं राहायला जागा उरेना, म्हणून त्यांना पहिल्या वर्गात आणलं. पहिला वर्ग जड झाला, बोट एका अंगाला कलली आणि त्या अंगाला नवी फट पडली. नव्या फटीसाठी नवे मिस्त्री मागवले. ते राहणार कुठे? प्रवाशांच्या खोल्यांत. ते जेवणार कधी? प्रवाशांच्या आधी, कारण ते कामावर होते आणि आम्ही चैनीवर.

आठवडे उलटले, तरी बोट जागची हलली नाही. मोठागावच्या कोळणी ओहोटीच्या वेळी कमरेइतक्या पाण्यातून टोपल्या डोक्यावर घेऊन चालत बोटीपर्यंत येत आणि आम्हाला कोळंबी, वाल, तांदूळ विकत. रोज सकाळी त्र्यंबकराव वर येऊन सांगत, "उद्या सुटणार." यात त्यांनी एक दिवसही कसूर केली नाही.

गप्प बसणारे प्रवासी आम्ही नव्हतो. आम्ही सभा भरवली. अध्यक्ष एक पेन्शनर शिरस्तेदार; नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं ठाण्यातच आहेत. सभेत दोन तट पडले. एक म्हणे, तक्रार आत्ताच करावी. दुसरा म्हणे, दुरुस्ती चालू असताना तक्रार करणं असभ्यपणाचं, पूर्ण झाल्यावर करावी. शेवटी असं ठरलं की तक्रार करायची की नाही याचा विचार करायला कमिटी नेमावी. कमिटी तक्रारीच्या खोलीकडे गेली, तर खोलीचं दार दुरुस्तीला काढलेलं. दार नाही तर ठोठावणार काय? न ठोठावता आत जाणं शिरस्तेदारांच्या शिस्तीत बसेना. कमिटी परत आली आणि तिच्या धीराबद्दल आम्ही टाळ्या वाजवल्या.

एवढ्यात शेवंतीला नववा लागला.

सखुबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. त्या दिवशी टोमण्याचा सूर नव्हता. म्हणाल्या, "मामा, तिकीट सासरचं, पंगत सासरची. पोर इथे बाळंत झाली तर लोक म्हणतील, हिला माहेर म्हणून नव्हतंच. मला तरी ते बरं दिसेल का?"

माझ्या डोळ्यांपुढे बायजाच्या पाळण्याच्या दोऱ्या आल्या. मी त्र्यंबकरावांपुढे हात जोडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या बोटीवर माहेराची तरतूद नाही. पण तात्पुरतं माहेर करून देता येईल."

आणि दिलं. नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची खोली माहेर ठरली, मागचा भाग सासर. मध्ये खडूने रेघ मारली. मी माहेरचा मुखत्यार. शेवंतीने सासरच्या बाजूने रीतसर निरोप घेतला, सासूच्या पाया पडली, जराशी रडली आणि सात पावलं चालून माहेरी आली. तिचा नवरा दौलत बिचारा रेघेपलीकडे उभा. जावयाने बोलावण्याशिवाय सासुरवाडीला जायचं कसं? मी त्याला दिवसाआड बोलावणं पाठवत असे. सखुबाई विहीणपणाने फुगून बसत आणि माहेरून फराळ आला नाही म्हणून कुरकुरत. सांगतो ना, अगदी घरच्यासारखं सगळं जमलं.

मग एके दिवशी धाकू मिस्त्री माहेरी आला आणि दारावर पाटी लावून गेला: 'माहेर दुरुस्तीसाठी बंद आहे.'

मी भडकलो. त्र्यंबकराव किंचित जास्त वाकले. माहेर नव्याने मंजूर झाल्यामुळे ते आता दुरुस्तीच्या यादीत आलं होतं; यादीत नसतं तर ते अस्तित्वातच नाही असा अर्थ झाला असता, मग मीच नाराज झालो असतो. माहेरच्या फळ्या सासरची गळती बुजवायला गेल्या. आम्ही माहेर उचलून स्वयंपाकघरात नेलं. स्वयंपाकघराची चूल काढली. माहेर शिडीखाली नेलं. शिडी काढली. शेवटी ते बंबखान्यात, बंद पडलेल्या बॉयलरच्या आडोशाला नेऊन ठेवलं, तर धाकू तिथेही हातोडी घेऊन उभा. आणि त्याच सकाळी शेवंतीला कळा सुरू झाल्या.

त्याच भरतीला बायजा आली. कोणा कोळणीच्या तोंडून तिला बातमी लागली होती. कोपरीहून एका लहानशा होडीत बसून, वल्हवणारा एक म्हातारा नि बाकी ती, भरतीच्या जोरावर आली. शिडी नव्हती म्हणून दोरीला धरून वर चढली. काखेत गाठोडं. लेकीला परत होडीत घालून न्यावं असं तिच्या मनात होतं; पण पोटाला हात लावून पाहिलं आणि ओळखलं की आता उशीर झाला. मग तिने भोवताली पाहिलं: अर्धी उघडी जमीन, हातोडीवाले मिस्त्री, लोंबकळणाऱ्या नळ्या.

"दादा, हे कुणाचं घर?" तिने विचारलं.

मी खडूच्या रेघेबद्दल सांगायला लागलो. माहेराच्या मंजुरीबद्दल सांगितलं. तिने पुरतं ऐकलंही नाही. गाठोडं सोडलं, त्यातून आपली गोधडी काढली आणि बॉयलरपुढे अंथरली.

"ही गोधडी माझ्या घरातली," ती म्हणाली. "माझी पोर हिच्यावर बाळंत होईल. उरलेली बोट तुमची, खुशाल खोला."

धाकू मिस्त्री हातोडी खाली ठेवून बाहेर गेला. त्या बोटीवरची ठोकाठोक थांबलेली मी पहिल्यांदाच ऐकली. सखुबाई बंबखान्याच्या दाराशी घुटमळत होत्या. बायजा म्हणाली, "विहीणबाई, आत या, पाणी तापवायला कुणी तरी हवं." आणि त्या फुगणं विसरून आत गेल्या.

उन्हं माथ्यावर आली आणि तळातून एक लांब, तीक्ष्ण, कानठळ्या बसवणारा आवाज उठला. मुलगी होती. फुप्फुसं आजीच्या वळणाची. वरच्या प्रवाशांना वाटलं, शिट्टी दुरुस्त झाली. शिरस्तेदारांनी टोपी उडवली, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्र्यंबकरावांनी बातमी खोडून काढली नाही. त्या महिन्याच्या कामात शिट्टी पूर्ण झाल्याचं लिहून टाकलं.

बाराव्या दिवशी बारसं बोटीवरच झालं. मुलीचं नाव सुमती ठेवलं. बायजाही तोवर थांबली होती, कारण बोट 'उद्या' सुटणारच होती. आणि पुढल्या पुनवेला अशी भरती आली, वर पश्चिमेचा वारा असा सुटला, की 'जलसुंदरी' आपोआप उचलली गेली आणि एंजिनाशिवाय, पंपाशिवाय, कोणाला काही न विचारता सरळ जाऊन कल्याण बंदराला लागली. जिथून निघालो तिथेच. ठाणं राहिलं, घोडबंदर राहिलं.

मला वाटलं, आता लोक त्र्यंबकरावांना खाडीत बुडवणार. पण शिरस्तेदार बाकावर उभे राहिले आणि त्यांनी आभाराचा ठराव मांडला: अल्प मुदतीच्या तिकिटावर इतका दीर्घ प्रवास घडवल्याबद्दल, आणि बोट न बुडवल्याबद्दल. दौलतने अनुमोदन दिलं. एकमताने पास. मीही हात वर केला, खोटं कशाला सांगू. धक्क्यावर उतरल्यावर कितीजण तरी पुढच्या फेरीची चौकशी करत होते, कारण तोवर बोट पुरती दुरुस्त झालेली असणार.

इथे मी पान लावायला थांबलो. नाथा इतका वेळ गुडघ्यांना मिठी घालून बसला होता. आता त्याच्या मिशीत हसू नव्हतं.

"आबा," तो म्हणाला, "बोटीवर माहेर काढलंत, मी मानलं. माहेर बंद असल्याची पाटी मानली. पोरीच्या रडण्याला शिट्टी म्हणाले, तेही मानलं, बायजाआत्याची नात आहे ती, मी ऐकलंय तिला. पण कमरेइतकं पाणी. कोळणी चालत येतात, चालत जातात. समोर गाव दिसतंय. आणि एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांतला एकही जण धोतर वर खोचून उतरला नाही, घरी गेला नाही, उलट हात वर करून आभार मानले? हे साफ खोटं आहे, आबा. अशी माणसं असतात कुठे?"