इंगळेकाकांची उसावरची गाडी

अनिश, रेवा,

तुमच्याकडे पेट्रोलमध्ये मक्याचं इथेनॉल मिसळतात आणि त्याचे फायदे-तोटे तुम्हाला शाळेत लिहून न्यायचे आहेत, असं तुमची आई फोनवर म्हणाली. म्हणून आजच लिहायला बसले. मराठी अडली तर बाबाला विचारा. मी फायदे ऐकले ते इंगळेकाकांकडून आणि तोटे त्यांच्या बायकोकडून, शांताताईंकडून. त्या दोघांना वगळून मला काही सांगता येणार नाही.

इंगळेकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे सांगलीकडचे. रेल्वेच्या प्रयोगशाळेत डिझेल तपासत जयपूरला निवृत्त झाले आणि इथेच राहिले. पेट्रोल भरायला गेले की आधी खिशातून काचेची बाटली काढत. थोडं पेट्रोल, थोडं पाणी, बूच लावून खळखळ हलवत आणि उन्हात धरून बघत बसत. पेट्रोलमधलं इथेनॉल (आमच्याकडे ते उसाच्या मळीपासून काढतात) पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. मागे हॉर्न वाजत असत.

“अंकलजी, लैब घर पे खोल लो!” पंपावरचा भैया ओरडे.

“वाढला! वैनी, थर वाढला! देश निघाला बघा!” काका गाडीत बसलेल्या मला हाका मारत.

देश कुठे निघाला, ते काका मला जिन्यात सांगत. “परदेशातलं तेल कशाला? ऊस आपला, मळी आपली. पैसा घरात ऱ्हाईल, धूर कमी हुईल. देशाचं बघा, वैनी!” हातात भाजीची पिशवी घेऊन मी देशाचं बघत उभी.

आतून शांताताईंचा आवाज यायचा. “देशाला म्हणावं, आजबी टँकर आला न्हाई. ऊस पाणी पिणार, गाडी ऊस पिणार आणि आम्ही बादल्या घेऊन उभ्या! वर ॲव्हरेज कमी.”

“थोडं कमी देणारच,” काका म्हणत. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या इथेनॉलने खराब होऊ शकतात, हेही त्यांनी एकदा कबूल केलं, पण फार हळू आवाजात.

पंपावरच्या थेंबभर इथेनॉलवर त्यांचं समाधान होईना. गावाकडचा भाचा मळीपासून स्पिरिट, म्हणजे इथेनॉलच, काढणाऱ्या कारखान्यात होता. त्याच्याकडून त्यांनी डबाभर स्पिरिट मागवलं आणि सरळ टाकीत ओतलं. मी विचारलं, “बाटलीत तपासलंत?”

“गावचा माल हाय, वैनी. त्याला काय तपासायचं!”

शांताताईंना दमा आहे. दर मंगळवारी दवाखान्यात जावं लागे. रिक्षात धुराने जीव घाबरा होई, म्हणून काका स्वतःच्या गाडीने काचा लावून नेत. त्या मंगळवारी मीही सोबत होते. दुर्गापुऱ्याच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि भर रस्त्यात उभी राहिली. गावच्या मालात पाणी होतं. ते टाकीच्या तळाशी बसलं आणि इंजिनात आधी तेच गेलं.

काकांनी टाकीचं झाकण उघडलं. दारूसारखा वास आला आणि वासामागून हवालदार.

“ताऊजी, दिन में ही?”

“हमने नहीं पी, गाड़ी ने पी है!” आयुष्यात सुपारीचं खांडही न खाल्लेले काका तडकले.

मला हसू आवरेना. तेवढ्यात शांताताईंना ढास लागली. उन्हात बंद गाडीत बसवेना. काच खाली केली, तर शेजारून बस काळा धूर सोडत गेली. श्वास वर अडकला, ओठ निळसर झाले. काकांनी सदरा काढून भिजवला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. बनियनवर, भर रस्त्यात. हवालदाराने एकाही शब्दाने न विचारता स्वतःची जीप आणली.

दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावल्यावर शांताताईंचा श्वास खाली बसला. डोळे मिटूनच म्हणाल्या, “सदरा घाला. लोक बघत्यात.”

काका बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसले. ओलाच सदरा अंगात चढवला. मग म्हणाले, “डॉक्टर सांगतो, हिला धुरापासून लांब ठेवा. ह्या शहरात कुठं ठेवू, वैनी? एकट्याच्या गाडीनं काय हुतंय? म्हटलं, सगळ्यांच्याच गाड्या बदलल्या तर...”

तेव्हा कळलं, की इतकी वर्षं जिन्यात उभी राहून मी ज्या देशाचं ऐकत होते, तो आतल्या खोलीत खोकत होता.

तर मुलांनो, फायदे आणि तोटे दोन्ही खरे आहेत, दोन्ही लिहा. इथे रस्त्यावर धूर अजून तेवढाच आहे. शांताताई आहेत, अजून आतून काकांना उत्तर देतात.

तुमची आजी