बिनखर्चाचा दुखवटा

“मांडव फुकट, माणसं फुकट, आणि रडणं तर काय, आपल्याकडे पहिल्यापासूनच फुकट!” असं म्हणून लुत्फीने वही मिटली आणि मीनाकडे अशा तोऱ्यात पाहिलं, की जणू सिनेमा तयार होऊन बक्षीससुद्धा खिशात पडलंय!

मीना म्हणजे मुलगी नव्हे हो! चांगला सहा फुटी, दाढीवाला कॉप्ट, म्हणजे इथला ख्रिस्ती गडी. चर्चमागच्या गल्लीत राहायचा आणि अख्ख्या वर्गात स्वतःचा कॅमेरा असलेला तो एकटाच. त्यामुळे लुत्फी त्याच्याशी जरा नरमाईने बोलायचा.

“आणि दिवे?” मीनाने विचारलं.

“दिवे कशाला? उन्हात उरकू. दुपारच्या नमाजानंतर सुरू, सूर्य मावळायच्या आत खलास!”

“लोक दुखवट्याला संध्याकाळी येतात, लेका.”

“आपले येतील दुपारी. आपले लोक बेकारच आहेत!”

अलेक्झांड्रियाच्या मक्स भागात, कालव्याकाठी, जिथे कोळी जाळी वाळवतात, तिथली ही गोष्ट. सिनेमाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला दहा मिनिटांचा सिनेमा करून द्यायचा होता. शनिवार ही शेवटची तारीख. लुत्फीची कथा अशी, की मुलगा मेलेली एक आई पुरुषांच्या मांडवात स्वतः कॉफीचं ताट घेऊन शिरते. बस्स, एवढंच. सरांना कल्पना आवडली होती. “पण मांडव खरा वाटला पाहिजे हां,” एवढं त्यांनी बजावलं होतं.

मांडववाले हाजी बयूमी पटले ते अदलाबदलीवर. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचं चित्रण लुत्फीने करून द्यायचं, आणि त्याच लग्नाचा मांडव आदल्या दिवशी दुखवट्याला वापरायचा. कापड तेच, तांबडं-निळं नक्षीचं. लग्नात त्यावर रंगीत दिव्यांच्या माळा चढतात, दुखवट्यात चढत नाहीत, एवढाच काय तो फरक. खुर्च्याही त्याच. बसणाराच बिचारा वेगळं तोंड करून बसतो.

राहता राहिली आई. जी नटी ठरली होती ती आयत्या वेळी मालिकेत गेली. तेव्हा लुत्फी इन्साफमावशीकडे गेला आणि दारातच अर्धा तास घुटमळला.

घुटमळायला कारण होतं. इन्साफमावशीचा अशूर तीन वर्षांपूर्वी इटलीला जाणाऱ्या बोटीत बसला. एकोणीस वर्षांचा होता. बोट पोचली नाही. दोघं-तिघं परत आले, काहींची प्रेतं आली, अशूरचं काहीच आलं नाही. मावशीने मांडव घालू दिला नाही, काळे कपडे घातले नाहीत, घरात कोरी कॉफी केली नाही. कोरी, बिनसाखरेची कॉफी मयताची. मावशी तीन वर्षं कॉफीत चमचा उभा राहील एवढी साखर घालत होती.

आणि आमच्याकडे दुखवट्याला जाऊन जे म्हणतात ना, “राहिलेलं तुमच्या आयुष्यात!” म्हणजे गेलेल्याचं जे जगायचं राहिलं, ते तुम्हाला लागो, ते तर तिच्यापुढे उच्चारायची कुणाची छाती नव्हती. पहिल्या आठवड्यात बेकरीवाला शलबी म्हणायला गेला, तर तिने पायातली चप्पल काढली. “माझ्या पोराचं राहिलेलं त्याचं त्याच्याजवळ आहे! तू तुझं सांभाळ!” तेव्हापासून अख्खी गल्ली ते वाक्य घशात धरून बसली होती.

“बोल की मेल्या, उंबऱ्यावर काय उगवलास?” मावशी म्हणाली.

लुत्फीने डोळे मिटून सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याची आई गेल्यावर ह्याच मावशीने त्याला वाढवलं होतं. अशूर आणि तो एका ताटात जेवले होते. चप्पल खायची त्याची तयारी होती.

मावशीने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, “कुणाची आई म्हणतोस?”

“हसनची. हसन नावाचा कुणी नाहीये मावशी, कागदावरचा आहे.”

“कागदावरचा आहे तर रडते त्याच्यासाठी. माझं काय जातंय!” आणि मग बोट रोखून, “पण दोन अटी. कोरी कॉफी मी माझ्या चुलीवर करणार नाही, साखरेची करीन, तुझ्या कॅमेऱ्याला काय चव कळतेय? आणि दुसरं, ते वाक्य मला हसनची आई म्हणूनच कुणी म्हणायचं. माझ्या नावाने कुणी म्हटलं ना लुत्फी, तर मी तिथेच मोडेन. कळलं?”

“आईशप्पथ नाही म्हणणार कुणी!” लुत्फीने छातीवर हात मारला.

गुरुवारी मावशीच्या दारासमोरच मांडव उभा राहिला, कारण तेवढी रुंद जागा दुसरीकडे नव्हती. चाळीस माणसं येणार होती. फलाफल भरलेल्या रोटीच्या बोलीवर आली सहा! त्यातल्या दोघांनी रोटी आधीच खाऊन घेतली आणि चित्रण सुरू झालं की एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसायला लागले.

“अरे, माणूस मेलाय!” लुत्फी ओरडला.

“कोण?”

“हसन!”

“कोण हसन?” आणि पुन्हा फिदीफिदी.

मीना म्हणाला, “ह्यांना वातावरण पाहिजे. कुराणाचं पठण लाव कर्ण्यावर. आपोआप गंभीर होतील.”

लुत्फीला ते पटलं. इथेच सगळा घात झाला.

मोबाइल कर्ण्याला जोडला आणि पठणाचा आवाज कालव्याच्या दोन्ही काठांवर गेला. हसणारे दोघं खरंच सुतासारखे सरळ झाले. लुत्फी सिनेमातला मोठा भाऊ, म्हणून मांडवाच्या तोंडाशी हात पुढे करून उभा राहिला, आणि मीना कॅमेरा घेऊन शेजारच्याच कापडामागे, एका भोकापाशी दडला. तेवढ्यात शलबी बेकरीवाला हाताचं पीठ पुसत आला, लुत्फीचा हात हातात घेतला, मान खाली घातली आणि आत जाऊन बसला.

“कोणी बोलावलं रे ह्याला?” लुत्फी कुजबुजला.

“गप बस! फुकटात मिळालाय!” मीना म्हणाला.

मग न्हावी आला. मग बर्फवाला. मग शाळेचे दोन मास्तर. लुत्फीचं काळीज सुपाएवढं झालं! कोण गेलं हे दारात कुणी विचारत नाही, आमच्याकडे ते वाईट दिसतं. मांडव दिसला की शिरायचं, हात मिळवायचा, पठण ऐकायचं, कॉफी प्यायची आणि जायचं. लुत्फी मनात म्हणाला, वा रे रीत! माझ्यासारख्या कफल्लक दिग्दर्शकासाठीच काढलीय!

पण माणसं थांबेनात. होड्यांवरचे खलाशी ओल्या बुटांनिशी आले. तीस झाले, पन्नास झाले, खुर्च्या संपल्या, लोक दोऱ्यांना धरून उभे राहिले. आणि प्रत्येक जण लुत्फीचा हात जरा जास्तच वेळ धरायला लागला. न्हाव्याने तर त्याला मिठी मारली आणि खांद्यावर हुंदका दिला. हसनसाठी एवढं?

लुत्फी हाजी बयूमींकडे धावला. हाजी तोंडात खिळे धरून गर्दीने हललेला खांब पुन्हा ठोकत होते.

“हाजी, तुम्ही कुणाला काय सांगितलंत?”

“मी? काही नाही बुवा. शलबीने विचारलं, मांडव कुणाकडचा? मी म्हटलं, अशूरच्या आईचं काम आहे.”

“काम?”

“मग? काम नाही का करत ती तुझ्या सिनेमात?”

तीन वर्षं घशात धरलेलं सगळं आज मांडवात येऊन बसलं होतं! गल्लीला वाटत होतं, अशूरचं प्रेत सापडलं, नाहीतर त्याची आई एकदाची कबूल तरी झाली.

“मीना, बंद कर तो कर्णा!”

“मी? कुराण मधेच मी बंद करू? वेडा झालास? तूच कर!”

“मी तरी कसा करू! एवढे लोक ऐकतायत!”

“मग संपू दे.”

“किती आहे?”

“वीस मिनिटं.”

शेवटी लुत्फी मांडवाच्या मधोमध गेला. सगळ्यांना ओरडून सांगणार होता, की बाबांनो, उठा, हा सिनेमा आहे! पण समोरच होडीवरचे म्होरके, तांडेल मुतवल्ली, बसले होते. सत्तरीचा माणूस. अशूरला पोहायला त्यांनी शिकवलं होतं, पहिल्यांदा समुद्रात त्यांनीच नेलं होतं. त्यांनी लुत्फीला ओढून शेजारी बसवलं आणि म्हणाले, “पोरा, तीन वर्षं मी ह्या गल्लीतून गेलो नाही. पलीकडून फिरून जात होतो. तिच्यासमोर काय तोंड घेऊन जाऊ? पोहायला मी शिकवलं ना त्याला.” म्हातारा ढसढसा रडत होता. हा सिनेमा आहे, असं त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तेवढ्यात मावशी ताट घेऊन बाहेर आली! ठरल्याप्रमाणे!

“अगंबाई! एवढी माणसं?” ती लुत्फीच्या कानाशी म्हणाली. “रोट्या पुरल्या का रे?” आणि कागदावर लिहिल्याप्रमाणे ती एकेकासमोर ताट धरत निघाली. लोकांनी कप उचलले, एक घोट घेतला आणि दचकून एकमेकांकडे पाहिलं. मयताची कॉफी, आणि गोडमिट्ट! शलबी डोळे पुसत न्हाव्याला म्हणाला, “डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या.” आणि सगळ्यांनी ती गोड कॉफी कडू औषधासारखी मुकाट्याने गिळली.

लुत्फी मागून गेला. “मावशी, आत चल. चित्रण झालं. मावशी, ऐक ना!”

“गप रे, लिंक तोडू नकोस. तांडेल राहिलेत.”

तांडेल मुतवल्ली उठून उभे राहिले. कप घेतला नाही. म्हणाले, “राहिलेलं तुझ्या आयुष्यात, अशूरच्या आई.”

“हसनची आई म्हणायचं, तांडेल,” मावशी हळूच म्हणाली. “कागदावर हसन आहे.”

“कोण हसन? मी अशूरसाठी आलोय, पोरी. आम्ही सगळे अशूरसाठी आलोय.”

पठण नेमकं तेव्हाच संपलं. मावशीने ताट छातीशी धरलं. लुत्फीला वाटलं, आता हे ताट आधी तांडेलांच्या डोक्यात, मग माझ्या! वाटलं नव्हे, त्याला ते हवं होतं. तिने मारावं, ओरडावं, पण मोडू नये. वचन दिलं होतं त्याने, आणि फुकटच्या माणसांपायी घालवलं होतं!

मावशीने सगळ्यांकडे पाहिलं. पिठाचे हात, ओले बूट, मास्तरांचे चष्मे.

“ह्यांना तू बोलावलंस?” तिने विचारलं.

“नाही, मावशी. कुणालाच नाही बोलावलं. आपणहून आले.”

तिने ताटातला एक कप उचलून स्वतः चाखला. तोंड वाकडं केलं. “ही नाही चालायची,” म्हणाली आणि आत निघून गेली.

कुणी उठलं नाही. लुत्फी दारापाशी उभा राहून रडत होता. आतून भांड्यांचा आवाज आला, मग कॉफीचा वास आला. बऱ्याच वेळाने मावशी बाहेर आली. अंगावर काळा झगा होता. मागच्या दाराने जाऊन शेजारणीकडून मागून आणलेला, तिच्याकडे होता कुठे? हातात मोठं भांडं होतं, आणि कॉफी कोरी होती.

पहिला कप तिने तांडेलांना दिला.

“एकोणीस वर्षांचा होता हो,” ती म्हणाली. “केवढं राहिलं त्याचं! एवढं सगळं राहिलेलं मी एकटी कुठे ठेवू? तुम्ही पण घ्या थोडं थोडं.” आणि मग, जे उत्तर द्यायचं असतं आणि तीन वर्षं जे तिने कुणालाच दिलं नव्हतं, ते दिलं. “तुमचं आयुष्य राहो, तांडेल.”

मग शलबीला. “तुमचं आयुष्य राहो.” मग न्हाव्याला. एकेक करून सगळ्यांना. रोटी खाऊन हसणाऱ्या त्या दोघांनासुद्धा. ते आता हमसून हमसून रडत होते.

सगळ्यांत शेवटी रांगेत एक सहा फुटी दाढीवाला उभा होता.

“मीना!” लुत्फी दबक्या आवाजात ओरडला. “तू इथे काय करतोयस? कॅमेरा?”

“बंद केला.”

“कधी?”

“तांडेल आत आले तेव्हाच. अरे, अशूर माझ्या बाकावर बसायचा. मी काय भोकातून बघत उभा राहू?”

लुत्फीही रांगेत मीनाच्या मागे उभा राहिला.

मांडव तीन दिवस हलला नाही. हाजी बयूमींनी पुतण्याच्या लग्नासाठी भावाच्या दुकानातून दुसरा आणला आणि लुत्फीला तंबी दिली, की लग्नाचं चित्रण मात्र चुकायचं नाही! मावशी रोज संध्याकाळी कोरी कॉफी करत होती.

शनिवारी लुत्फीने शलबी आत आला तिथपासूनचं सगळं कापून टाकलं आणि उरलं तेवढं जोडून सिनेमा दिला. सुरुवातीचे सहा जण आणि चौतीस रिकाम्या खुर्च्या. सरांनी तो दोनदा पाहिला, चष्मा काढला आणि काठावर पास केला.

“कल्पना चांगली होती रे,” ते म्हणाले, “पण मांडव अजिबात खरा वाटत नाही. सहा माणसं, त्यातली दोन हसतायत, आणि आई तर येतच नाही! खऱ्या दुखवट्याला कधी गेला आहेस का? आपल्याकडे कुणाचा मांडव एवढा रिकामा असतो?”

“चुकलं, सर,” लुत्फी मान खाली घालून म्हणाला. “माणसं परवडली नाहीत.”