भोये सरांची चाचणी

जव्हारला आमच्या आळीत कुणी नवा लॅपटॉप घेतला, की पेढे वाटायच्या आधी भोये सर दारात हजर. हातात पेनड्राइव्ह, कपाळाला आठ्या. त्या पेनड्राइव्हमध्ये आश्रमशाळेचा एक अजस्र निकालतक्ता आहे. तो उघडून बेरजा व्हायला किती वेळ लागतो, हे सर मनगटी घड्याळावर मोजतात आणि निकाल देतात, "ठीक. आमच्या शाळेतल्या जुन्या मशीनच्या मानाने बरा." घेणाऱ्याचं तोंड एवढंसं होतं.

सर खोडाळ्याकडच्या आश्रमशाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले. कुणी गिगाहर्ट्झचा आकडा मिरवला की ते कळवळतात. "अरे, भाताच्या आवणीला हात किती भरभर हालला ते नाय बघायचं. खाचरात रोप किती लागलं ते बघायचं!"

पूर्वी एक कंपनी आपल्या चिपच्या नावातच आकडा घालायची. तो तिचा खरा वेग नसे. दुसऱ्या कंपनीची अमुक वेगाची चिप जेवढं काम करते तेवढं ही करते, असा त्याचा अर्थ, आणि पुढे अधिकचं चिन्ह. सरांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती माणसांना लावली. मला म्हणाले, "तुम्ही कामाला हजार. बोलायला मात्र बावीसशे प्लस." मी हसलो, पण घरी जाऊन बायकोला सांगितलं नाही.

एका गोष्टीला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती. आपलीच चिप जिंकावी अशी चाचणी लावणारी कंपनी! "स्वतःच पेपर काढायचा नि स्वतःच पहिलं यायचं!" असल्या चाचणीची जाहिरात लावली म्हणून एका दुकानदाराशी त्यांनी कित्येक महिने बोलणं टाकलं होतं.

गेल्या वर्षी हिरावहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, हात वापरला तरच सुधारेल. पण आवणीत सगळ्या बायांच्या पुढे असणारी ही बाई. तिला तो थरथरता हात कुणाला दिसूच द्यायचा नव्हता. तो सदा पदराखाली.

एका दुपारी मी गेलो तर ओटीवर दोघं समोरासमोर, पुढ्यात दोन ताटं, उडदातले खडे निवडण्याची शर्यत चाललेली. वहिनींचा हात अडखळत होता, पण थांबत नव्हता. सरांनी एक खडा उचलला, निरखून पाहिला आणि हळूच परत उडदात टाकला. पुन्हा तोच उचलला.

"झाला माझा!" वहिनी ओरडल्या.

"आजपण हरलो," सर मान हलवत म्हणाले आणि मला पोचवायला अंगणात आले.

मी कुजबुजलो, "सर, चाचणीत लबाडी?"

त्यांचे डोळे भरले. "हरली का हात पदराखाली जातो. मग दिवसभर बाहेर येत नाय. जेवण मलाच भरवावं लागतं. भरवायला माझं काय जातंय? पण तिला लाज वाटते हो."



मागून वहिनींची हाक आली. "अहो, तुमचा ताट तसाच राहला. बसा गप. मीच करून देते."

आम्ही वळून पाहिलं. त्यांनी सरांचं ताट पुढ्यात ओढलं होतं. उजव्या हाताने. सर तिथेच अंगणात उभे राहिले आणि डोळे न पुसता बघत राहिले.