पसंत पडेपर्यंत

सुतार भांडत नाही, ही आक्कांची मुख्य तक्रार होती.

आता तुम्ही म्हणाल, न भांडणारा सुतार मिळाला तर माणसानं नशिबाचे आभार मानावेत. पण आक्कांचा उभा जन्म भांडण्यात गेलेला! भांडणाशिवाय झालेलं काम म्हणजे मिठाशिवायचा घास. दूधवाला, शिंपी, दोन भाचेजावई, सगळ्यांना त्यांनी शब्दांनी धुऊन वाळत घातलं होतं. शाळेची पायरी त्या चढल्या होत्या, आत फारशा रमल्या नव्हत्या. तरी समोर वकील बसला तर तोच पाणी मागायचा. आणि हा सुतार! खाली मान घालून ऐकायचा, "बरं" म्हणायचा, आणि सांगितलेलं करून मोकळा व्हायचा.

"अहो, माणूस आहे की पाल?" आक्का आपल्या यजमानांना, आबांना, म्हणाल्या. "भिंतीला चिकटतो, बघत राहतो, बोलत नाही. तोंडाला खिळे मारलेत का त्याच्या?"

"बरं," आबा म्हणाले.

"तुम्हीसुद्धा बरंच म्हणा!"

सगळं सुरू झालं ते करारापासून. घर दुमजली, जिना लाकडी, स्वयंपाकघरातली कपाटं खिळखिळी. जिना आणि कपाटं दोन्ही दुरुस्त करून घ्यायची ठरली. आता घरात सूनबाई होती आणि सूनबाईचं कामच मुळी करार लिहिण्याचं. तिच्या कंपनीला बाहेरच्या लोकांकडून संगणकाची कामं करून घ्यावी लागत. त्या ठेकेदारांशी काय ठरलं ते ती कायद्याच्या भाषेत बांधून ठेवायची.

"आमच्याकडे आता सगळं काम आधीच लिहून ठेवत नाहीत, आक्का," लॅपटॉप उघडत सूनबाई म्हणाली. "याला अजाइल म्हणतात. पंधरा दिवसांपुरतं काम ठरवायचं. ठेकेदारानं ते करून दाखवायचं. आपण बघायचं, खटकेल ते सांगायचं, मग पुढचे पंधरा दिवस. काम बघत बघत आकाराला येतं."

"म्हणजे त्यानं करायचं आणि मी नावं ठेवायची?"

"साधारण... तसंच."

"हे तर मी लग्न झाल्यापासून करतेय! त्याला इंग्रजी नाव कशाला?"

आणि आक्का पदर खोचून करार लिहायला बसल्या. म्हणजे लिहीत होती सूनबाई. आक्का फक्त खोडत होत्या.

"काम पूर्ण झालं हे कशावरून ठरवायचं, ते आधी लिहू या," सूनबाई म्हणाली. "जिना हलू नये. कपाट एका हातानं उघडावं. असं काहीतरी तपासता येईल असं."

"लिही, मालकिणीला पसंत पडेपर्यंत."

"पसंत कसं तपासणार, आक्का?"

"माझ्या तोंडाकडे बघून!"

"बरं, मग निदान कामाला शेवटची तारीख..."

"खोड."

"आणि दोघांपैकी कुणालाही पूर्वसूचना देऊन थांबता येईल असं एक कलम..."

"खोड, खोड! कोंबडं धरायचं आणि खुराड्याचं दार उघडं ठेवायचं, असं शिकवतात का तुमच्या हापिसात? पैसे ठरले तेवढेच. काम माझ्या मनात येईल तेवढं!"

पोहता न येणारं माणूस विहिरीच्या काठावर वाकल्यावर आपण ज्या नजरेनं बघतो, तशी सूनबाई आक्कांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं तरी लिहू द्या. पसंत आहे, हे तुम्ही सगळ्यांसमोर तोंडानं म्हटलं की काम संपलं. नाहीतर कुणालाच काही कळायचं नाही."

"लिही. त्यात काय मोठंसं?"

मोठंसं असं की हे दोन शब्द आक्कांच्या तोंडून आजवर निघालेच नव्हते. आबांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हासुद्धा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "चालेल. उंची कमी पडते."

सुतारानं करार वाचला. आक्का कंबर कसून उभ्या होत्या, आता हा उसळणार, मग आपण उसळणार! सुतारानं सही केली.

"बरं," तो म्हणाला.

पहिल्या पंधरवड्यानंतर सगळे जिन्यापाशी जमले. काम असं झालं होतं की आक्कांची पंचाईत झाली. सांधे जुळलेले, कडा गुळगुळीत, कपाटाच्या फळीवर पाण्याचा थेंब ठेवला तर जागचा हलेना. नावं ठेवायला जागाच नाही! आक्कांनी जिना चढून पाहिला, उतरून पाहिला. शेवटी त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

"तिसरी पायरी कुरकुरते!"

"बरं."

पुढच्या खेपेला तिसरी पायरी गप्प होती. मग आक्कांना कपाटाच्या बिजागऱ्या ऐकू आल्या. मग खण ओढताना होणारी खरखर. मग वाऱ्यानं थरथरणारी खिडकी. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक! दिसायला सगळं निर्दोष, तेव्हा उरला फक्त आवाज. आणि नाव तर ठेवायलाच हवं होतं. सुतारानं घड्याळाच्या पाठीशी मऊ कापडाची घडी बसवली. मोरीतला नळ ठिबकत होता, तो खरं तर त्याच्या कामातला नव्हता. पण त्यानं नळाखाली लाकडाची एक बारीक पट्टी टांगली. थेंब पट्टीवरून घरंगळू लागले, सापासारखे, आवाज न करता. जमिनीच्या फळ्यांखाली त्यानं बुचाचे तुकडे भरले, वर जाड जाजम अंथरलं. हातोडीच्या तोंडाला त्यानं चिंधी बांधली होती. तो घरात आहे की गेला, हेसुद्धा कळेनासं झालं.

एकदा आक्का जिन्याखालच्या आपल्या खुर्चीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. सहज वर पाहिलं, तर सूनबाई समोर उभी!

"अगं बाई! कधी आलीस?"

"केव्हाची उभी आहे. तुम्हाला वाटलं कोण?"

आक्का दचकल्या आणि हातातली वाटी निसटली. पितळेची, चांगली जड वाटी. आक्कांनी सवयीनं डोळे मिटून खांदे आवळले. वाटी पडली असणार. पण आवाज आला नाही. आक्का वाट बघत राहिल्या. डोळे उघडले तर वाटी पायाशी उपडी पडलेली, तांदूळ पसरलेले, आणि सगळं असं शांत, जणू ती कालपासूनच तिथं पडली होती.

त्या दिवसापासून आक्कांची झोप उडाली. भर दुपारी वरच्या खोलीचं दार अर्धं उघडलेलं दिसे. मघाशी तर बंद होतं! आपल्याच मागे कुणीतरी आहे असं वाटून त्या वळत, आणि खरंच कुणीतरी असे! बहुतेक वेळा आबा. दोघंही किंचाळत. बिस्किटांचा डबा रिकामा होऊ लागला. तो कुणी उघडला, कधी उघडला, काही ऐकू आलं नाही. डबा नुसता आतून ओसरत होता, उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा.

"घरात काहीतरी शिरलंय," आक्का हळूच म्हणाल्या. त्यासुद्धा हळू बोलू लागल्या होत्या.

"शिरलेलं नाही गं," आबा म्हणाले. त्यांच्या मिशीला बिस्किटाचा चुरा होता. "उलट काहीतरी निघून गेलंय."

तेव्हा कुठे आक्कांच्या डोक्यात प्रकाश पडला. या घरावर त्यांनी राज्य केलं ते डोळ्यांनी नव्हे, कानांनी! पायरी कुरकुरली की मुलगा उशिरा आला. बिजागरी किरकिरली की आबा बिस्किटांना लागले. साखरेचा आजार असलेला माणूस, त्याच्यावरचा सगळा पहारा त्या एका बिजागरीवर होता. खुर्चीत डोळे मिटून बसल्या तरी सगळं घर त्यांना दिसायचं. आणि आता? त्यांनी स्वतःच बोट दाखवून दाखवून एकेक पहारेकरी मारवून घेतला होता. राज्य गेलं होतं. खुर्ची तेवढी उरली होती.

त्यांनी सूनबाईला माडीवर गाठलं. म्हणजे सूनबाईनंच त्यांना गाठलं. आक्का पुन्हा दचकल्या.

"ह्या मेल्याला थांबव!"

"थांबवायचं कलम तुम्हीच खोडलंत, आक्का. आता एकच वाट आहे. सगळ्यांसमोर पसंत आहे म्हणा."

"जीव गेला तरी म्हणणार नाही!"

"मग त्याला सांगा, आधीचं कुरकुरणं बरं होतं, ते परत बसव."

"म्हणजे मी चुकले असं म्हणू?" आक्कांनी असं पाहिलं की सूनबाईनं विषय तिथंच सोडला.

पुढची दाखवणी आली. दुपारचं ऊन खिडकीतून आत पडलं होतं. सगळे जिन्याखाली जमले: आबा, मुलगा, सूनबाई. सुतार जिना चढला, उतरला. दारं उघडली, मिटली. खण ओढले, ढकलले. पाण्याखालच्या घरात माणूस फिरताना पाहावा, तसं सगळे पाहत होते. कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"आता काय खटकतंय, आक्का?" सुतारानं विचारलं. तो आपण होऊन इतकं पहिल्यांदाच बोलला.

आक्कांना खटकण्यासारखं काही सापडेना. पण हार मानणार त्या कसल्या!

"अजून एक आवाज येतोय," त्यांनी ठोकून दिलं. "तुम्हाला येत नसेल. कान लागतात त्याला!"

सुतारानं वाद घातला नाही. त्यानं डोळे मिटले, मान तिरकी केली. मग भिंतीला कान लावला. भिंतीच्या कडेकडेनं तो निघाला, स्वयंपाकघरात गेला, परत आला, जिन्याच्या कठड्यावर तळवा ठेवून थांबला, आणि पावलापावलानं पुढे सरकत आक्कांच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. डोळे उघडले.

"खरं आहे," तो म्हणाला. "एक राहिलाय. दिवसभर चालू असतो. सगळ्या खोल्यांत घुमतो. पहिल्या दिवसापासून ऐकतोय मी. पण तुम्ही बोट दाखवल्याशिवाय हात कसा लावणार?"

"कुठला?" आक्कांचा आवाज चिरका निघाला.

"हा आत्ता आला तो," सुतार म्हणाला.

त्यानं पिशवीत हात घातला. मऊ कापडाची एक घडी काढली, उलटसुलट करून पाहिली. मग मोजपट्टी काढली आणि, फळीकडे बघावं तसं, आक्कांच्या हनुवटीपासून नाकापर्यंत नजरेनं माप घेतलं.

"अहो!" आक्कांनी यजमानांना हाक मारली. "बघताय काय नुसते? सांगा ना याला काहीतरी!"

आबा खाकरले. "मिस्त्री," ते अदबीनं म्हणाले, "हे काम... म्हणजे नक्की जमेल तुम्हाला?"

आक्कांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा घड्याळाकडे बघत होता. सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई ओठ घट्ट मिटून, एखादं अवघड कलम मनात घोळवावं तशी उभी होती. आणि तिघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता. भीती असती तरी आक्कांना चाललं असतं. ती भीती नव्हती, आशा होती!

मोजपट्टी जवळ आली. आक्का खुर्चीतून ताडकन उठल्या, आणि सबंध घरात कित्येक दिवसांत घुमला नव्हता एवढा दणदणीत आवाज काढून म्हणाल्या:

"पसंत आहे! ऐकलंत ना, मिस्त्री? सगळ्यांसमोर म्हणतेय, पसंत आहे! जिना पसंत, कपाट पसंत, तुमचं न बोलणंसुद्धा पसंत! उचला ती पिशवी आणि चालते व्हा! आणि जाताना, तुमचे हात जोडते, एवढं दार तरी आपटून जा!"